गंज शिल्लक राहू नये

मधुसूदनराव नेरकरांची स्पोर्ट्स कार यवतमाळात आली ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत झोपून आली. तिचा डावा दरवाजा तिच्या मागून अर्ध्या तासाने आला. बाभुळगावच्या अलीकडे तो गळून पडला होता, आणि एका भल्या माणसाने तो सायकलच्या कॅरिअरला बांधून पत्ता विचारत विचारत घरी पोचवला. "तुमचं टिनाचं झाकन पडलं होतं साहेब," तो म्हणाला. मधुसूदनरावांनी त्याला चहा पाजला आणि हे झाकण नसून १९५८ सालच्या विलायती, दोन सीटच्या, बिनछताच्या गाडीचा दरवाजा आहे हे सविस्तर समजावून सांगितलं. त्याने चहा घेतला. पटल्यासारखं मात्र त्याच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही.

गाडी सापडली होती बाभुळगावच्या एका बंद जिनिंगच्या गोदामात, कापसाच्या जुन्या बोऱ्यांखाली. मालकाच्या नातवाला गोदाम रिकामं करायचं होतं आणि मधुसूदनरावांना रिटायरमेंट भरायची होती. अशी दोन माणसं भेटली की व्यवहाराला वेळ लागत नाही.

आवाज ऐकून रजनीताई ओल्या हातांनी बाहेर आल्या.

"काय आहे हे?"

"गाडी," मधुसूदनराव म्हणाले.

"कुठे?" रजनीताईंनी विचारलं.

या एका शब्दाने मधुसूदनराव फार दुखावले. कारण गाडी त्यांनी रजनीताईंसाठीच घेतली होती, निदान तसं त्यांनी स्वतःला सांगितलं होतं. पस्तीस वर्षांपूर्वी लग्न ठरलं तेव्हा त्यांनी तिला शब्द दिला होता की, वरात उघड्या गाडीतून काढीन. ऐन वेळी गाडी उघडीच मिळाली, पण ती ट्रॅक्टरची ट्रॉली होती. पुढे चौतीस वर्षं सरकारी कचेरीत लोकांच्या फायलींवर 'त्रुटी पूर्ततेस्तव परत' असा शेरा मारण्यात गेली. दुसऱ्याचं काम अपुरं आहे हे सांगण्यात हयात गेलेल्या माणसाने स्वतः एक तरी काम पुरं करून दाखवावं, अशी त्यांची इच्छा होती, आणि त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. हसण्यासारखं जे होतं ते ट्रॉलीतून उतरवताना आवाज करत होतं.

"हे पाहा," रजनीताई म्हणाल्या, "अष्टमीला इथे महाप्रसाद आहे."

दुर्गोत्सवात कॉलनीच्या शारदा महिला मंडळाचा महाप्रसाद दरवर्षी नेरकरांच्याच आवारात रांधला जायचा. रजनीताई मंडळाच्या अध्यक्ष, आणि मंडळाचा मोठा गंजही त्यांच्याच पडवीत असायचा. पुण्याकडची माणसं ज्याला पातेलं म्हणतात त्याला आपल्याकडे गंज म्हणतात, पण हा गंज पाहिल्यावर पातेलं म्हणायची कुणाची हिंमत झाली नसती. जाड स्टीलचा, दीडशे माणसांची भाजी एका वेळी शिजेल एवढा. त्याच्या पोटावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलं होतं, 'कै. भागीरथाबाई पांढरीपांडे यांचे स्मरणार्थ', आणि दुसऱ्या बाजूला, 'वापरून झाल्यावर स्वच्छ घासून परत करावा'. भागीरथाबाई म्हणजे शेजारच्या अवधूतराव पांढरीपांडे यांच्या मातोश्री. भाजी टाकण्याआधी अवधूतराव दरवर्षी येऊन ते नाव वाचत, डोळे पुसत, आणि मगच चूल पेटू देत.

"अष्टमीला सकाळी इथे चुली लागतील," रजनीताईंनी निकाल दिला. "तोवर ही आपल्या चाकांनी फाटकाबाहेर गेली तर तुमची. नाही गेली तर भंगारवाल्याची."

पोळा नुकताच झाला होता. हातात सव्वा महिना होता. मधुसूदनरावांनी "मान्य" म्हटलं आणि सवयीने खाली सही करायला खिशातलं पेन काढलं.

इंजिनाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. ते तिसऱ्याच दिवशी सुरू झालं आणि शेवटपर्यंत त्याने तक्रार केली नाही. घरातल्या समजूतदार माणसाबद्दल कोण बोलतं? बोलणं होतं ते अंगाबद्दल. इंजिन सुरू झालं की गाडीचं बाकी अंग थरथरायचं आणि खाली तांबड्या भुकटीची रांगोळी पडायची.

सल्लागार जमू लागले. समोरच्या बबिताताईंनी नजर लागू नये म्हणून लिंबू-मिरची आणून बांधली, आणि तिच्या वजनाने पुढचा बंपर पडला. अवधूतराव हे शाळेत रसायनशास्त्र शिकवून रिटायर झालेले असल्यामुळे त्यांचा सल्ला शास्त्रीय होता. "गंज म्हणजे काय, नेरकर? ऑक्साइड. त्याला आम्ल लावा. चिंचेचा कोळ, आंबट ताक आणि खडे मीठ. रात्रभर ठेवा, सकाळी आरशासारखं लोखंड!"

मधुसूदनरावांनी घरातली वर्षाची चिंच गाडीला लावली. ताक कमी पडलं म्हणून अवधूतरावांनी स्वतःच्या घरचं आणलं. सकाळी पाहतात तो कॉलनीतली मोकाट गाय बॉनेटवर मान टाकून अगदी प्रेमाने लेप चाटते आहे. चाटता चाटता गंज गेला, यात शंका नाही. गंज गेला आणि त्या जागेतून पलीकडची गाय दिसू लागली. अवधूतराव म्हणाले की प्रयोग यशस्वी झाला आहे, फक्त लोखंड आधीच नव्हतं. त्या दिवसापासून मधुसूदनरावांनी ताक पिणं सोडलं.

मग लखीराम आला. लखीराम आडे आर्णी रोडवरच्या एका तांड्यावर राहायचा आणि यवतमाळात ट्रॉल्यांचं, कूलरचं, दाराखिडक्यांचं पत्र्याचं आणि वेल्डिंगचं काम करायचा. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली. बोटांच्या पेरांनी ठोकून पाहिलं, कान लावला, आणि एका जागी हलकेच अंगठा दाबला. अंगठा आत गेला. तो त्याने बाहेर काढला आणि पुसला.

"जंग गंज हाय, साह्यब," लखीराम म्हणाला.

मधुसूदनरावांच्या कानाला हे टोचलं. यवतमाळात जन्म गेला असला तरी कार्यालयीन मराठीवर त्यांची निष्ठा होती. "जंग नाही, लखीराम. जंग हिंदी झालं. मराठीत गंज म्हणायचं."

"तेच तं म्हनलो. गंज हाय."

"तसं नाही. तू म्हणतोस तो गंज म्हणजे पुष्कळ. मी म्हणतो, जंगालाच गंज म्हणायचं."

लखीरामने पडवीतल्या भांड्यांकडे पाहिलं. "मंग गंजाले काय म्हनाचं?"

"गंजाला गंजच."

"बरं," लखीराम म्हणाला. शिकलेल्या माणसाशी वाद घालण्यात दिवस मोडतो हे त्याला अनुभवाने ठाऊक होतं. वाचकांनी हा संवाद लक्षात ठेवावा. मधुसूदनरावांनी ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी लखीरामने गाडी जॅकवर घेतली. पुढचं टोक वर गेलं, मागचं टोक वर गेलं, आणि मधला भाग जमिनीवरच राहिला. "चेसीसनं झोळी केली," लखीरामने निदान केलं. म्हणजे गाडीचा कणाच गेला होता. दोन लांब पट्ट्यांचा तो सांगाडा मधोमध पापडासारखा झाला होता, आणि इतके दिवस गाडीचे भाग केवळ एकमेकांच्या आधाराने उभे होते.

"नवीन पट्ट्या कुठून आणायच्या?" मधुसूदनराव हवालदिल झाले.

"नव्या कायले? माह्या घरी आज्याच्या बंडीच्या धावा हायत." धाव म्हणजे बैलबंडीच्या चाकावरची लोखंडी पट्टी. "आमचे जुने लोक लदेनी करत साह्यब, बैलावर माल लादून मुलूखभर फिरत. मंग बंडी आली. हे लोखंड चाललेलं हाय. याले चालाचं शिकवा लागत नाई."

त्या धावा सरळ करून, जोडून, वेल्ड करून लखीरामने पंधरा दिवसांत गाडीला नवा कणा दिला. त्या पंधरा दिवसांत मधुसूदनराव त्याच्याशेजारी काळा चष्मा लावून उभे असत आणि ठिणगी उडाली की "सावकाश" म्हणत.

आता कचेरीचं सांगायला हवं. गाडी रस्त्यावर आणायची तर गाड्यांच्या नोंदणीच्या कचेरीत कागद करून घ्यावे लागतात, आणि कागदासाठी चेसीसवर कोरलेल्या नंबराचा ठसा लागतो. कागद ठेवून वरून पेन्सिल घासली की ठसा उमटतो. मधुसूदनरावांनी हे काम स्वतःच्या हाताने केलं. पेन्सिल घासली, ठसा सुंदर उमटला, आणि नंबर चेसीससकट तुटून त्यांच्या तळहातावर पडला.

तो तुकडा त्यांनी रजनीताईंच्या कुंकवाच्या जुन्या डबीत कापूस घालून ठेवला आणि डबी घेऊन कचेरी गाठली. तिथला कारकून संघदीप हा तरुण होता, सभ्य होता, आणि दुर्दैवाने काटेकोर होता.

"हे काय आहे, काका?"

"चेसीस नंबर."

"चेसीस कुठे आहे?"

"घरी."

"मग नंबर इथे कसा?"

मधुसूदनरावांनी डबी पुढे सरकवली. संघदीपने ती मागे सरकवली. "काका, नंबर गाडीवर पाहिजे. उद्या कुणी नंबरप्लेट खिशात घालून आणेल आणि म्हणेल, मागून गाडी येत आहे." मग त्याने अर्जावर हिरव्या शाईने तीन शब्द लिहिले आणि अर्ज परत दिला. मधुसूदनरावांनी ते शब्द वाचले. 'त्रुटी पूर्ततेस्तव परत.' चौतीस वर्षं त्यांनी हे वाक्य लिहिलं होतं. वाचायला कसं लागतं हे त्यांना त्या दिवशी कळलं. अक्षर मात्र मुलाचं चांगलं आहे, एवढं त्यांनी जेवताना कबूल केलं.

लखीरामने तो तुकडा नव्या कण्यावर वेल्ड करून दिला, आणि त्याचा नवा ठसा पाहून संघदीपने अष्टमीच्या दिवसापुरता तात्पुरता परवाना मंजूर केला. त्यावर शिक्का घ्यायला मधुसूदनरावांना षष्ठीला पुन्हा कचेरीत जावं लागणार होतं. तोवर सगळं जमत आलं होतं. दरवाजा बसला होता. गाईने उघडं केलेलं बॉनेट बुजवलं होतं. उरले होते पुढचे दोन मडगार्ड. तिथे दिव्यांभोवती गाडीला गोल, फुगीर गाल होते, आणि ते गाल पुरते सडले होते.

"सपाट पत्र्यानं होत नाई हे," पंचमीला संध्याकाळी लखीराम डोकं खाजवत म्हणाला. "ठोकून ठोकून येवढी गोलाई याले महिना लागन. गंजासारखी गोलाई पायजे साह्यब. तयार."

मधुसूदनराव तेव्हा परवान्याच्या अर्जाला टाचण्या लावत होते. "हो हो," ते म्हणाले, "मी सांगतो काय करायचं ते."

आणि सांगितलं त्यांनी. षष्ठीला सकाळी लवकर निघताना त्यांनी एक कागद लिहून गाडीच्या स्टिअरिंगला अडकवला. साधं सांगणं त्यांच्या रक्तात नव्हतं. कागद असा होता:

'श्री. लखीराम आडे यांस, उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, आज रोजी समोरील संपूर्ण गंज कापून काढण्यात यावा व त्या जागी गोलाई साधून घेण्यात यावी. गंज कोणत्याही परिस्थितीत शिल्लक राहू नये. कसूर झाल्यास जबाबदारी आपली राहील.'

उपरोक्त विषय वर कुठेच नव्हता. आणि समोर काय होतं? समोर, गाडीपासून चार हातांवर, ओट्यावर, रजनीताईंनी आदल्या दिवशी उरल्यासुरल्या चिंचेने घासून लख्ख केलेला मंडळाचा गंज उन्हात पालथा घातला होता.

लखीरामने कागद दोनदा वाचला. मग गंजाकडे पाहिलं. मन त्याचंही धजेना. चांगलं भांडं, त्यावर कुणाचं तरी नाव. बाईंना विचारावं म्हणून त्याने हाक मारली, तर रजनीताई मंडळाच्या सभेला गेलेल्या. साहेबांना फोन लावला, तर साहेब रांगेत उभे होते आणि फोन घरी शोकेसवर वाजत होता. शेवटी 'कोणत्याही परिस्थितीत' आणि 'जबाबदारी आपली' या शब्दांपुढे त्याने हात टेकले. गंजाच्या पाया पडला आणि कटर लावला.

दुपारी मधुसूदनराव शिक्का घेऊन आनंदाने फाटकात शिरले आणि थबकले. गाडीला गाल आले होते. दोन्ही बाजूंना गोल, भरदार, चकचकीत गाल, जणू गाडी नुकतीच जेवून उठली आहे. असं काम त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. "वा, लखीराम!" असं म्हणत ते जवळ गेले आणि डाव्या गालावर त्यांनी वाचलं, 'कै. भागीरथाबाई पांढरीपांडे यांचे स्मरणार्थ.' उजव्या गालावर होतं, 'वापरून झाल्यावर स्वच्छ घासून परत करावा.'

"नाव नाई कापलं साह्यब," लखीराम नम्रपणे म्हणाला. "याडीचं नाव होतं, कुनाच्या तरी मायचं. ते कापाचं नसते. अख्खं ठेवलं."

"अरे, पण गंज काहून कापला?"

"तुमीच तं लेहून ठेवलं! गंज शिल्लक राहू नये म्हून."

"अरे, तो गंज नाही! गंज! म्हणजे..." आणि मधुसूदनरावांना आयुष्यात पहिल्यांदाच शब्द सापडेना. शेवटी ते खाली बसले आणि अतिशय हळू आवाजात म्हणाले, "जंग."

"मंग जंग लेहाचं ना, साह्यब," लखीराम म्हणाला.

रजनीताई सभेहून आल्या. त्यांनी रिकामा ओटा पाहिला, मग गाडी पाहिली, मग उजव्या मडगार्डवरचा मजकूर मोठ्याने वाचला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या म्हणाल्या, "दीडशे पानं आहेत परवा. भाजी कशात करू? तुमच्या टोपीत?" आणि आत निघून गेल्या. अवधूतरावांना कुंपणावरूनच सगळं दिसलं होतं. ते आले, आईच्या नावावरून बोट फिरवलं, आणि म्हणाले, "नेरकर, तुम्ही माझी आई कापली." मग घरी जाऊन त्यांनी दार लावून घेतलं. सप्तमीचा सबंध दिवस ते सुतक असल्यासारखे बाहेर आले नाहीत.

सप्तमीला मधुसूदनरावांनी सारं यवतमाळ पालथं घातलं. पण दुर्गोत्सवातलं यवतमाळ ते. गल्लोगल्ली मांडव, गल्लोगल्ली महाप्रसाद. डेकोरेशनवाल्याकडे चमचाही शिल्लक नव्हता. जन्मात प्रथमच त्यांना चोरासारखं वाटत होतं, आणि ते खरंही होतं, कारण ज्या बायकोला गाडीत मिरवायचं, तिचीच मान त्यांनी अख्ख्या मंडळापुढे खाली घातली होती. संध्याकाळी ते लखीरामला म्हणाले, "सकाळी भंगारवाल्याला बोलावतो. निदान आवार तरी मोकळं होईल."

लखीरामने कटर पुसून पिशवीत घातला. मग म्हणाला, "आमच्या तांड्यावर येक गंज हाय. तीजेच्या सनाच्या पंगतीचा. येवढाच. सोनीबाईच्या ताब्यात हाय, माही बायको. थे नाई म्हननार नाई. पन आनाचा कशात? आटो सारे बुक हायत, अन् माह्या मोटारसायकलवर मावत नाई."

दोघांनी एकाच वेळी गाडीकडे पाहिलं.

अष्टमीला सकाळी सात वाजता गाडी सुरू झाली. तांबडी रांगोळी पडली नाही. अंगावर नुसता प्रायमरचा करडा हात, त्यात दोन चकचकीत गाल. ब्रेकचा विषय लखीरामने "लागते" एवढ्या एका शब्दात संपवला होता. डावीकडची सीट अजून बसवायची होती. तिथे नुसतं फळकूट होतं. मधुसूदनराव एकटेच निघणार, तोच रजनीताई घरातून पाट घेऊन आल्या, तो त्यांनी फळकुटावर टाकला आणि त्यावर बसल्या.

"तुम्ही कशाला?" मधुसूदनराव चाचरले.

"गंज माझ्या ताब्यातून गेला," त्या समोर पाहत म्हणाल्या. "माझ्याच ताब्यात येईल. चला."

गाडी आपल्या चाकांनी फाटकाबाहेर गेली. बबिताताईंनी टाळ्या वाजवल्या. पाट बुटका असल्यामुळे बाहेरून रजनीताईंचा फक्त अंबाडा दिसत होता. पुढे मोटारसायकलवर लखीराम, मागे ही गाडी. पंधरा किलोमीटर त्या पाट दोन्ही हातांनी घट्ट धरून बसल्या. त्यांना नुसतं आभाळ दिसत होतं आणि खड्डे कळत होते.

तांड्यावर गाडी थांबली तशी सोनीबाई "आव, आव, बेस" म्हणत पुढे आली. तिने रजनीताईंना हात धरून उतरवलं, खाटेवर बसवलं, आणि गाडीखाली वाकून सासऱ्याच्या बापाच्या बंडीच्या धावा ओळखल्या. गाडीचा इतका आदर आजवर कुणी केला नव्हता. गंज द्यायला ती आनंदाने तयार होती. "पन माहा गंज कापू नोको रे बाबा," तिने नवऱ्याला सगळ्यांदेखत बजावलं, "आन् यायनं काई लेहून देलं तं वाचू नोको."

गंज गाडीत ठेवायचा तर मागे जागा नव्हती. तो पालथा घालून रजनीताईंच्या पाटाच्या जागी ठेवला, तर अगदी बरोबर बसला. आता रजनीताईंनी कुठे बसायचं? त्यांनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा गंजाकडे, आणि पदर खोचून सरळ पालथ्या गंजावर जाऊन बसल्या.

येताना अंबाडा दिसत होता तिथे आता सबंध रजनीताई दिसत होत्या. पुढच्या काचेच्या वर, ताठ, हिरव्या नऊवारीत, कारण महाप्रसादाला त्या नऊवारी नेसत. वाऱ्याने पदर मागे उडत होता. रस्त्याने कापसाच्या शेतात जाणाऱ्या बाया थांबल्या आणि त्यांनी हात जोडले. नवरात्राचे दिवस, उंचावर बसून, वाजतगाजत नव्हे पण खडखडत येणारी बाई म्हणजे देवीच, अशी त्यांची समजूत झाली. एका म्हातारीने तर गाडी थांबवून रजनीताईंच्या ओटीत नारळ घातला.

"अहो," रजनीताई म्हणाल्या. दोन दिवसांत नवऱ्याशी बोललेला हा पहिला गोड शब्द. "वरात म्हणाला होतात ना तुम्ही?"

"म्हणालो होतो," मधुसूदनराव म्हणाले.

"पस्तीस वर्षं लावलीत." आणि त्या हसल्या, अशा हसल्या की गंजाचा आवाज झाला. मधुसूदनरावांना इतका आनंद झाला की त्यांनी विनाकारण हॉर्न वाजवला, आणि तो वाजला.

नाक्यावर हवालदाराने हात केला. परवाना पाहिला, तो ठीक होता. मग त्याची नजर वर गेली.

"बाई कशावर बसल्या?"

"गंजावर," मधुसूदनराव म्हणाले.

हवालदार खाली वाकला. "गंजावर नका बसवू काका. पत्रा फाटला म्हंजे बाई खाली रस्त्यावर."

"तो गंज नाही. तो गंज काढला. हा गंज निराळा."

"म्हंजे आणखी गंज हाय? किती?"

मधुसूदनरावांनी तोंड उघडलं, आणि मग शहाण्या माणसासारखं मिटलं. त्यांनी लखीरामकडे हात केला. लखीराम मोटारसायकल वळवून आला.

"जंग गंज होता साह्यब," त्याने सांगितलं. "थो कापला. त्याच्या जागी गंज लावला. आता सैपाकाले गंज नाई, म्हून माहा गंज चालला."

हवालदाराचा चेहरा एकदम उजळला. "आस्सं बोला ना सरळ! महाप्रसाद किती वाजता हाय?"

आवारात चुली पेटायच्या थांबल्या होत्या. बायका, पोरं, चिरलेल्या भाजीचे ढीग, सगळे फाटकाकडे डोळे लावून होते. अवधूतरावही दार उघडून कुंपणाशी उभे होते, चेहरा तसाच. गाडी वळणावर आली. उन्हात सगळ्यात आधी चमकला तो डावा गाल. आईचं नाव सर्वांच्या पुढे येत होतं.

अवधूतराव पुढे आले. गाडीच्या आडवे उभे राहिले. ब्रेक लागला, म्हणजे लखीराम खरं बोलला होता.

"नेरकर," अवधूतराव म्हणाले, "आई जन्मात एकदाही मोटारीत बसली नाही हो. गाडी लागायची तिला. माझ्या बदलीच्या गावीसुद्धा कधी आली नाही." त्यांनी मडगार्डवरची धूळ धोतराने पुसली. "आता अशी पुढे बसली आहे. वारा लागेल. मळमळणार नाही."

बबिताताईंनी हळदकुंकू आणलं. अवधूतरावांनी नाव मोठ्याने वाचलं, डोळे पुसले, आणि दरवर्षीप्रमाणे म्हणाले, "पेटवा." भाजी सोनीबाईच्या गंजात झाली आणि कधी नव्हे ती पुरून उरली. हवालदार दोनदा वाढून घेऊन गेला.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण दसरा झाल्यावर कायम नोंदणीसाठी मधुसूदनराव गाडी घेऊन कचेरीत गेले. संघदीपने खाली वाकून चेसीस नंबर पाहिला, समाधानाने मान डोलावली, आणि उभा राहताना त्याचं लक्ष मडगार्डकडे गेलं. त्याने ते वाचलं. मग अर्ज वाचला. मग पुन्हा मडगार्ड वाचलं.

"काका, अर्जात नाव तुमचं. गाडीवर नाव भागीरथाबाईंचं. मालक कोण?"

"अरे, ते स्मरणार्थ आहे!"

"म्हणजे त्या हयात नाहीत. मग वारसाचं ना-हरकत पत्र लागेल." आणि हिरवं पेन उघडून त्याने तीन शब्द लिहिले. मधुसूदनरावांना ते वाचायची गरज नव्हती. पुट्टी भरून नाव बुजवता आलं असतं. तेवढं लखीरामने पाच मिनिटांत करून दिलं असतं. मधुसूदनरावांच्या ते मनातही आलं नाही. ते गाडी घेऊन सरळ अवधूतरावांच्या दारात गेले.

अवधूतरावांनी चष्मा लावला, कोरा कागद घेतला, आणि पूर्वी फळ्यावर लिहीत तशा वळणदार अक्षरात लिहून दिलं. 'सदर गाडी श्री. मधुसूदन नेरकर यांनी वापरण्यास माझी व माझ्या मातोश्रींची हरकत नाही. मात्र वापरून झाल्यावर स्वच्छ घासून परत करावी.'

मधुसूदनरावांनी ते दोनदा वाचलं. त्रुटी एकही नव्हती. त्यांनी खाली 'मान्य' लिहून सही केली. तेव्हापासून दर रविवारी सकाळी ते नारळाच्या शेंडीने आणि चिंचेने गाडीचे दोन्ही गाल घासतात, आणि गाडी पांढरीपांड्यांच्या आवारात नेऊन उभी करतात. सोमवारी अवधूतराव ती परत देतात.